पेसमेकर बसवल्यावर दारू चालते का?

हा प्रश्न बहुधा रुग्ण बाहेर गेल्यावर नातेवाईक हळूच विचारतात. दारूने पेसमेकर बिघडत नाही, त्याची बॅटरीही लवकर संपत नाही. धोका हृदयाला असतो. पेसमेकर ठोके फार मंद होऊ देत नाही. पण ते अति जलद, अनियमित झाले तर साधा पेसमेकर ते थांबवू शकत नाही. एका बैठकीत जास्त दारू प्यायल्यास नेमके हेच होऊ शकते. असा त्रास पूर्वी झाला असेल किंवा हृदय कमकुवत असेल तर दारू बंदच हवी. मात्र रोज पिणाऱ्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. एकदम सोडल्यास फिट येऊ शकते. इतरांनी डॉक्टरांना खरे प्रमाण सांगून सल्ला घ्यावा. ‘कधीतरी, थोडीशी’ हे प्रमाण नव्हे!

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी सुरू असेल तर दारूने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तंबाखू, विडी, मिश्री यांना सूट नाहीच. मोबाइल पेसमेकरपासून निदान 15 सेंटिमीटर दूर ठेवावा, म्हणजे शर्टाच्या खिशात नको. चालणे, जिना चढणे डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू करावे.

पिलेला रुग्ण चक्कर येऊन पडला, बेशुद्ध झाला, तर ‘चढली असेल’ म्हणून झोपवून ठेवू नये. ताबडतोब 108 ला फोन करावा.