स्तंभालेखाचा इतिहास आणि शहापूर-मुरबाड तालुक्यांची आकडेवारी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना :
इतिहासलेखनात आकडेवारीला साधन म्हणून मान्यता मिळालेली आहे. मात्र ती मांडण्याच्या पद्धतीकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. कोष्टक, स्तंभालेख व वृत्तालेख ही लेखाची सजावट नव्हे. प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आणि स्वतःच्या मर्यादा आहेत. प्रस्तुत निबंधात स्तंभालेखाच्या उगमाचा आढावा घेऊन ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या ग्रामीण तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

स्तंभालेखाचा उगम :
स्तंभालेखाचे जनकत्व सामान्यतः विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाकडे दिले जाते. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने स्कॉटलंडच्या १७ देश-प्रदेशांशी चाललेल्या आयात-निर्यातीचे स्तंभ काढले. अनेक वर्षांचे आकडे हाती नसल्याने त्याला रेषालेख काढता आला नाही. म्हणजेच हा आलेखप्रकार माहितीच्या तुटवड्यातून जन्माला आला. १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेख रूढ केला. पुढे १८५८ मध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सैनिकांच्या मृत्यूंची कारणे वर्तुळाकार आलेखांतून मांडली आणि आलेख हे लोकमत घडविण्याचे साधन ठरू शकते, हे दाखवून दिले.

जिल्हा, तालुका आणि बदलत्या सीमा :
१८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये शहापूर व मुरबाड यांची तालुकावार माहिती मिळते. त्या वेळी पनवेल व कर्जत हे तालुकेही ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि १५ तालुक्यांच्या जिल्ह्यात ७ तालुके उरले. त्यामुळे 'ठाणे जिल्हा' या एकाच नावाखाली वेगवेगळ्या काळांचे स्तंभ शेजारी ठेवणे फसवे ठरते. २०११ च्या जनगणनेनुसार शहापूरची लोकसंख्या ३,१४,१०३ व मुरबाडची १,९०,६५२ होती. अविभाजित जिल्ह्याच्या १,१०,६०,१४८ लोकसंख्येत या दोहोंचा वाटा सुमारे ४.६ टक्के होता. विभाजनोत्तर जिल्ह्याच्या ८०,७०,०३२ लोकसंख्येत तो सुमारे ६.३ टक्के होतो. एकही माणूस न वाढता शतमान स्तंभालेखात या तालुक्यांचा भाग वाढतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दोन आलेख, दोन चित्रे :
याच जनगणनेत ठाणे तालुक्याची लोकसंख्या ३७,८७,०३६ होती. तिचा स्तंभ २० सें.मी. उंच काढल्यास शहापूरचा स्तंभ सुमारे १.७ सें.मी. व मुरबाडचा जेमतेम १ सें.मी. भरतो. पाहणाऱ्याच्या नजरेत हे तालुके नगण्य ठरतात. आता परिमाण बदलून पाहू. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या ७ जलाशयांची एकूण उपयुक्त साठवणक्षमता १४,४७,३६३ दशलक्ष लिटर आहे. त्यापैकी भातसाचा वाटा ७,१७,०३७ व तानसाचा १,४५,०८० दशलक्ष लिटर आहे. शहापूर तालुक्यातील या दोनच जलाशयांत जवळजवळ ६० टक्के साठा सामावतो. विहार व तुळशी या मुंबईतील जलाशयांचे स्तंभ त्यांच्यापुढे खुजे दिसतात. लोकसंख्येच्या आलेखात तळाशी असलेला तालुका पाण्याच्या आलेखात शिखरावर जातो. तथापि उन्हाळ्यात याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते आणि ही वस्तुस्थिती वरील दोन्ही आलेखांत कोठेही उमटत नाही.

निष्कर्ष :
१. स्तंभाची उंची आकड्यांवरून ठरते. परंतु कोणता आकडा मोजावयाचा, हे माणूस ठरवितो.
२. प्रशासकीय सीमा बदलल्यास जुन्या आकड्यांची नव्या सीमांनुसार फेरमांडणी केल्याखेरीज तुलना करू नये.
३. विकासाचे नियोजन केवळ लोकसंख्येच्या स्तंभांवर आधारल्यास विरळ वस्तीचे तालुके मागे पडण्याचा धोका संभवतो.

प्लेफेअरने हाती नसलेल्या माहितीमुळे स्तंभालेख काढला. आजच्या अभ्यासकाने स्तंभालेख वाचताना त्यात कोणती माहिती नाही, हे प्रथम तपासले पाहिजे. शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांच्या बाबतीत ही दक्षता केवळ पद्धतिशास्त्रापुरती मर्यादित नसून ती न्यायाशीही निगडित आहे.