कुंपण आणि शेजार

'कुंपणानंच शेत खाल्लं' ही म्हण आपण राखणदारच चोर निघाला की वापरतो. बँकेत ऑडिटच्या दिवसांत ती मी पुष्कळदा ऐकली. पण गावाकडच्या शेतकऱ्याला तिचा शब्दशः अर्थही चांगला ठाऊक असतो. जिवंत झाडाचं कुंपण छाटलं नाही तर दर पावसाळ्याला ते हात-दोन हात आत सरकतं, आणि बघता बघता एक वाफा गिळतं. स्मरणिका समितीनं मला आपल्या पूर्वेकडच्या कुंपणाची हकीकत लिहायला सांगितली आहे. ती सांगतोच, पण जरा लांबून येतो.

शेत खाणाऱ्या कुंपणांत पहिला मान फड्या निवडुंगाचा. त्रिधारी निवडुंग आपल्याकडचाच. फड्या मात्र मूळचा अमेरिकेतला, युरोपियनांच्या जहाजांतून इकडे आला. पाणी नको, खत नको, गुरं तोंड लावत नाहीत. एक फड तुटून पडली की तिथेच मूळ धरते. शेतकऱ्याला याहून स्वस्त कुंपण कुठलं मिळणार? एकोणिसाव्या शतकात देशावरच्या कितीतरी गावांभोवती त्याची काटेरी जाळी माजली. पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबा आहे, तुकाराम महाराजांची पालखी तिथे उतरते. मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. दुष्काळात काटे जाळून फड्या गुरांना खाऊ घालण्याचेही प्रयोग झाले. पण माजलेली जाळी काढायची म्हणजे मजुरी शेताच्या उत्पन्नापेक्षा जास्त, आणि काढून टाकलेले तुकडे पुन्हा रुजायचे.

आपण कापडाच्या गावात राहतो म्हणून पुढची गोष्ट आवर्जून सांगतो. निवडुंगावर जगणारा कोचिनील नावाचा एक बारीक किडा असतो, त्याच्यापासून कापड रंगवायचा उंची लाल रंग मिळतो. त्या काळी या रंगाचा व्यापार स्पेनच्या मुठीत होता. तो आपल्याला मिळावा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीनं १७९५ साली ब्राझीलमधून किडा कलकत्त्याला आणवला. निघाली मात्र भलतीच जात! रंग अगदीच हलका. पण या किड्यानं उत्तर आणि मध्य हिंदुस्थानातला एका जातीचा निवडुंग फस्त केला. उरलेल्या हट्टी जातीसाठी १९२६ साली सिलोनहून दुसरा किडा मुद्दाम आणला, आणि त्यानं दक्षिणेत काही वर्षांत हजारो एकर मोकळे केले. माणसाला कोयत्यानं जमलं नाही ते किड्यानं केलं. हिशेबाच्या वहीत हा प्रकार कुठल्या खात्यावर घालायचा, मला अजून कळलेलं नाही.

पुढे १९७०-८० च्या दशकांत सुबाभळीची लाट आली. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंच्या 'बाएफ' संस्थेनं ती चाऱ्यासाठी आणि सरपणासाठी गावोगाव पोचवली. हेतू उत्तम होता, गरिबाच्या शेळीला तिचा आधारही झाला. पण शेंगा फुटून बी इतकं पसरतं की वैतागून लोक तिला कुबाभूळ म्हणू लागले.

हीच सुबाभूळ आपल्या पूर्वेच्या भिंतीपलीकडे उभी होती. शेजारच्या बैठ्या घराच्या शेठनी ती ओळीनं लावली, तेव्हा आपली इमारत नुकतीच उभी राहिली होती. दोन-तीन पावसाळ्यांत झाडं दुसऱ्या मजल्याला लागली. तळमजल्याच्या दोन घरांत दिवसा दिवा लावावा लागे. २६ जुलै २००५ च्या पावसात पाला आणि शेंगा अडकून मागची गटार तुंबली आणि मीटररूममध्ये गुडघाभर पाणी शिरलं. त्या रात्री कुणाला शॉक लागला नाही, हे नशीबच.

सर्वसाधारण सभा तापली. काहींचं म्हणणं, वकिलाची नोटीस द्या. मी कायदा चाळला. आपल्या हद्दीत आलेल्या फांद्या आपल्या बाजूनं, पलीकडे पाऊल न टाकता छाटता येतात, असा निकाल इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १८९४ साली दिला होता. मुंबई हायकोर्टानंही त्याच दशकात ठरवलं की फांद्या कितीही वर्षं लोंबल्या तरी झाडवाल्याला तसा हक्क मिळत नाही. म्हणजे फांद्यांपुरता कायदा आपल्या बाजूनं होता. शेजाऱ्याच्या उंच कुंपणासाठी इंग्लंडात तर २००३ साली कायदाच झाला. तिथे लेलँडी नावाचं झपाट्यानं वाढणारं झाड लोकांची उन्हं अडवत होतं. पण शहरात बुंध्यालाच हात घालायचा तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी परवानगी हवी, आणि ती झाडवाल्याला सोडून कोण मागणार?

खरी काळजी वेगळीच होती. सभेत 'त्यांची झाडं', 'त्यांचं कुंपण' हे शब्द ज्या सुरात येऊ लागले, तो सूर मला आवडला नाही. शेठ मोमीन, आपण बहुतेक मराठी. १९७० आणि १९८४ पाहिलेल्या भिवंडीकराला असा सूर ओळखता येतो. याच शहरात पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या बसवल्या, आणि डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. लहान तक्रारीसाठीसुद्धा एकत्र बसायची सवय तेव्हा लागली होती.

त्या कमिटीवर काम केलेले एक निवृत्त शिक्षक आपल्याच गल्लीत राहत. त्यांना मध्ये घातलं. एका रविवारी भिंतीपलीकडे शेठच्या अंगणात खुर्च्या टाकल्या. मास्तरांनी पहिला प्रश्न केला, "झाडांचं नंतर बघू. आधी सांगा, लावली कशासाठी?"

शेठ म्हणाले, "साहेब, वर बघा. तुमच्या बारा गॅलऱ्या माझ्या अंगणात उघडतात. घरातल्या बायकांनी कपडे वाळत घालायचे कुठं? रात्री खाट टाकायची कुठं?"

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. तीन गॅलऱ्यांत आपलीच मंडळी कठड्यावर कोपरं टेकून खाली बघत उभी होती! आधी मास्तर हसले, मग शेठ. पाच वर्षं आमच्यातल्या एकानंही हा प्रश्न त्यांना विचारला नव्हता.

तासाभरात ठरलं. शेठनी महापालिकेची रीतसर परवानगी काढून सुबाभळी काढायच्या, त्या जागी मेंदी लावायची, उंची सात फूट. खर्च निम्मा-निम्मा. त्या बाजूच्या गॅलऱ्यांना सोसायटीनं चिकाचे पडदे लावायचे. छाटणी दर वर्षी मे महिन्यात, दोन्ही बाजूंना एकच माळी. हे सगळं इतिवृत्ताच्या वहीत लिहून खाली दोघांच्या सह्या घेतल्या. सुबाभळीची खोडं पुन्हा पुन्हा फुटत, त्यांचा पुरता निकाल लागायला तीन वर्षं गेली.

शेठ आता नाहीत, घर त्यांचा मुलगा बघतो. आपल्या ताळेबंदात 'कुंपण छाटणी' हे स्वतंत्र खातं तेव्हापासून आहे, आणि निम्मी रक्कम पलीकडून जूनच्या पहिल्या आठवड्यात न मागता येते. यंदा माळ्यानं मजुरी वाढवून मागितली आहे. मुलाशी माझं बोलणं झालंय, पुढच्या सभेत विषय घ्यावा.