नायकपदाची पत

खेळातला नायक जन्माला येतो की घडतो, हा वाद आपल्याकडे तालमीच्या कट्ट्यावरही रंगत आला आहे. मानसशास्त्राने आरंभी नायकाचे उपजत गुण शोधले, मग त्याचे वर्तन तपासले, आणि पुढे अनुयायांकडे लक्ष वळविले. 1958 साली एडविन हॉलंडर यांनी मांडले की, नायकपद ही समूहाने दिलेली पत असते. कर्तबगारी व निष्ठा दाखवून ती साठवावी लागते. त्यानंतर वीस वर्षांनी, भारतातून कॅनडात गेलेल्या पॅकियानाथन चेल्लादुराई यांनी खेळासाठी स्वतंत्र सिद्धान्त रचला. प्रसंगाला हवे असलेले, खेळाडूंना रुचणारे आणि नायकाचे प्रत्यक्ष वर्तन या तिहींचा मेळ बसला, की यशही येते व समाधानही लाभते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

या सिद्धान्तांची कसोटी घेण्यास आम्हांला दूर जावे लागत नाही. बाळू पालवणकर यांचा जन्म शेजारच्या धारवाडातला, तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या चर्मकार समाजातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखताना, जे. जी. ग्रेग यांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांची डावखुरी फिरकी घडली. हिंदू संघाने त्यांना मैदानात घेतले; चहा मात्र त्यांना वेगळा, बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या संघात बाळू व त्यांचे बंधू शिवराम होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले.

हॉलंडर यांच्या हिशेबाने ही पत ओसंडून वाहायला हवी होती. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. बाळू पत जमा करीत राहिले. पण ज्या खात्यात ती जमा व्हायची, ते उघडणे समूहाच्या हाती होते. चेल्लादुराई यांच्या मांडणीतही प्रश्न उरतोच : खेळाडूंची रुची घडते कशी? ती जातीने आधीच घडविली असेल, तर मेळ बसणार कशाचा?

1920 साली हा प्रश्न उघडपणे पेटला. बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर बाळूंना उपकर्णधारपद मिळाले. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. त्यांचे गुण त्या वर्षी वाढले नव्हते, लोकांना अन्याय दिसू लागला होता. 1923 साली विठ्ठल कर्णधार झाले, हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला आणि प्रेक्षकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. त्यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच आहे.

आम्ही सीमाभागातली मराठी घराणी स्वतःला डावलले गेल्याची कहाणी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती खरीच आहे. परंतु ज्या समूहाने बाळूंना डावलले, त्यात मराठी माणसेही होती. बाळू 1955 साली निवर्तले. आमच्या तालमींच्या, मंडळांच्या, संस्थांच्या भिंतींवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी ओळीने लागलेल्या असतात. त्या ओळीत कोण नाही, हे आता आम्हीच एकदा पाहावे.