दिवसभर वावरात राबणाऱ्यांनी योग कशाला करायचा? शेंदूरजनाघाटच्या निमित्ताने समजून घेऊ

अमरावती जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात शेंदूरजनाघाट आहे. गाव संत्र्याचं. आंबिया बहाराची तोडणी साधारण ऑक्टोबरपासून आणि मृग बहाराची फेब्रुवारीपासून सुरू होते. या काळात शिडीवर चढणं, क्रेट उचलणं आणि खाली बसून तासन्‌तास फळं निवडणं हे रोजचंच. अशा गावात कुणी योगासनांचा विषय काढला, तर समोरून प्रश्न येतो, "वावरात एवढी मेहनत होते, आता आणखी व्यायाम कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तरही तसंच सरळ द्यायला हवं.

शेतातली मेहनत म्हणजे व्यायाम नाही का?

मेहनत आणि व्यायाम यांत फरक आहे. 16 लिटरचा फवारणी पंप भरला की पाठीवर 16 किलोहून जास्त वजन येतं. ते घेऊन माणूस एकाच बाजूला झुकत चालतो. तोडणीत हात सतत डोक्याच्या वर असतात, फळं निवडताना मान सतत खाली. म्हणजे ठरावीक स्नायूंवर रोज ताण येतो आणि उरलेले आखडत जातात. थकवा आला तरी थांबता येत नाही, कारण गाडी भरायची असते.

व्यायामात ताण किती घ्यायचा आणि विश्रांती कधी घ्यायची, हे आपण ठरवतो. म्हणूनच कामातले श्रम आणि फावल्या वेळातला व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम सारखा नसतो, असं संशोधक सांगतात. पुढे झुकून काम करणाऱ्याला मागे वाकणारं भुजंगासन बरं वाटतं, ते यामुळेच.

पाठदुखी खरंच कमी होते का?

थोडी होते. वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या 'कोक्रेन' संस्थेने 2022 मध्ये जुनाट कंबरदुखीवरच्या 21 चाचण्या तपासल्या. त्यांत 2,223 लोक होते. व्यायामच न करणाऱ्यांच्या तुलनेत योग करणाऱ्यांची हालचाल काहीशी सुधारली आणि दुखणं किंचित कमी झालं. मात्र पाठीच्या इतर व्यायामांशी तुलना केली, तर फारसा फरक दिसला नाही. काहींची पाठदुखी उलट वाढली.

मग योगच का? त्याला यंत्र लागत नाही, जिमची फी लागत नाही. सतरंजीभर जागा पुरते.

वऱ्हाडात हे नवीन आहे का?

अजिबात नाही. अमरावतीत वैद्य बंधूंनी 1914 मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकार दाखवले. 1949 मध्ये चमू स्वीडनलाही गेला. आजही तिथे शारीरिक शिक्षणासोबत योगाचं शिक्षण मिळतं.

योगाला प्रयोगशाळेत नेण्याचं कामही महाराष्ट्रातच झालं. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं. उड्डियान, नौली अशा क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, ते त्यांनी एक्स-रे आणि दाबमापन वापरून तपासलं. त्यानंतर 90 वर्षांनी, 11 डिसेंबर 2014 रोजी, संयुक्त राष्ट्रांनी 21 जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला.

मनाचं काय?

संत्रा उत्पादकाच्या डोक्याला घोर असतो तो फळगळीचा, पडलेल्या भावाचा, विहिरीच्या खाली जाणाऱ्या पाण्याचा. त्यात रात्रीच्या विजेवर ओलित करायचं, म्हणजे झोपही मोडते. प्राणायामाने भाव वाढत नाही आणि कर्जही फिटत नाही.

पण ताणात श्वास उथळ आणि भरभर होतो, हे खरं आहे. श्वास सोडण्याचा वेळ लांबवला की हृदयाची गती मंदावते आणि शरीर विश्रांतीकडे वळतं. रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं संथ श्वसन किंवा भ्रामरी केली, तर अनेकांना झोप लागायला मदत होते.

मात्र सतत उदास वाटणं, जेवण-झोप उडणं, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं, ही लक्षणं फक्त योगावर सोडू नयेत. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन 14416 या क्रमांकावर 24 तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. घरच्यांनीही हा नंबर जवळ ठेवावा.

सुरुवात कशी करायची?

आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम 45 मिनिटांचा आहे. पण नवख्यांसाठी 20 मिनिटंही पुरेशी:

- 5 मिनिटं: मान, खांदे, कंबर, गुडघे मोकळे करणं
- 8 मिनिटं: ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, पवनमुक्तासन
- 4 मिनिटं: अनुलोम-विलोम
- 3 मिनिटं: शवासन

पोट रिकामं हवं, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तासांनी. वऱ्हाडातल्या एप्रिल-मे महिन्यात सूर्य वर यायच्या आत उरकलेलं बरं. पहाटे चूल, पाणी, डबे यांत अडकलेल्या बायांना हा वेळ सहज मिळत नाही. तो मिळावा म्हणून घरातलं एखादं काम दुसऱ्या कुणी उचलावं लागतं. नाहीतर योग घरातल्या पुरुषांपुरताच राहतो.

कुणी जपायचं?

रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, सरकलेली मणक्याची गादी किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. अशांनी कपालभाती, शीर्षासन असे प्रकार मोबाइलवर बघून करू नयेत. आसन करताना ताण जाणवला तर चालतं, कळ आली तर तिथेच थांबा.

फवारणीच्या दिवशी आंघोळ करून, कपडे बदलूनच सराव करा. फवारणीनंतर गरगरलं, उलटी झाली किंवा डोळ्यांपुढे धूसर झालं, तर तो थकवा समजून शवासनात पडून राहू नका. ती विषबाधा असू शकते. तडक दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या.

शिकायचं कुठे?

जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात चौकशी करा. या केंद्रांच्या कामात योगसत्रांचाही समावेश आहे. पहिले काही दिवस जाणकारासमोर केले की चुका लवकर कळतात.

आणि तोडणीच्या हंगामात चार दिवस खंड पडला, तर हरकत नाही. पाचव्या दिवशी पुन्हा सतरंजी पसरायची.