तीन तासांची मुलाखत मोबाइलवर कशी ऐकायची? पॉडकास्ट, आरएसएस आणि क्लिपमागचं तंत्र

शास्त्रज्ञ, लेखक, खेळाडू, उद्योजक, दिग्दर्शक अशा लोकांच्या दोन-तीन तासांच्या मुलाखती आज आपल्या फोनवर फुकट उपलब्ध आहेत. पण आपल्यापैकी बरेच जण मुलाखत ऐकतच नाहीत, तिचे ४०-४५ सेकंदांचे तुकडे बघतात. आणि त्या तुकड्यांवरून कोणी करिअर ठरवतं, कोणी पैसे गुंतवतं, कोणी एखाद्या माणसाबद्दल कायमचं मत बनवून टाकतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. या लेखात दोन गोष्टी सांगतो: या मुलाखती आपल्या फोनपर्यंत कशा पोहोचतात, आणि क्लिपवर न थांबता मूळ मुलाखतीपर्यंत आपण कसं पोहोचायचं.

दीर्घ मुलाखत म्हणजे नेमकं काय?

टीव्हीवरच्या बातम्यांमध्ये पाहुण्याला दोन-तीन मिनिटं मिळतात. तेवढ्यात माणूस पाठ केलेलं उत्तर देतो. दीर्घ मुलाखतीत तयार उत्तरं पहिल्या अर्ध्या तासात संपतात. मग पाहुणा थांबतो, विचार करतो, कधी स्वतःचंच आधीचं वाक्य दुरुस्त करतो. ऐकण्यासारखा भाग बहुतेक वेळा तिथून पुढे असतो.

हा प्रकार नवा नाही. बीबीसी रेडिओवर 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' हा कार्यक्रम १९४२ मध्ये सुरू झाला. एकट्याने बेटावर राहायचं ठरलं तर कोणत्या ८ रेकॉर्ड्स सोबत न्याल, एवढ्या प्रश्नावर पाहुण्याचं अख्खं आयुष्य उलगडतं. 'द पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकाने १९५३ च्या पहिल्याच अंकापासून लेखकांच्या सविस्तर मुलाखती छापल्या. आणि आपल्याकडे तर 'प्रकट मुलाखत' असा खास शब्दच आहे. सुधीर गाडगीळांसारखे मुलाखतकार लोक तिकीट काढून ऐकत आले आहेत.

पॉडकास्टची सुरुवातच मुलाखतींनी झाली

२००३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनजवळ, हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन सेंटरमध्ये पत्रकार ख्रिस्तोफर लायडन लोकांशी निवांत बोलून त्या मुलाखती रेकॉर्ड करत होते. तिथेच प्रोग्रॅमर डेव्ह वायनर होते. त्यांनी आरएसएस या तंत्रात ऑडिओ फाइल जोडायची सोय आधीच करून ठेवली होती. लायडनच्या मुलाखती त्या सोयीतून लोकांपर्यंत जाऊ लागल्या. 'पॉडकास्टिंग' हा शब्द छापून आला २००४ मध्ये, 'गार्डियन'मधल्या एका लेखात. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि हा प्रकार सगळीकडे पसरला.

आरएसएस फीड कसं काम करतं?

आरएसएस फीड म्हणजे इंटरनेटवर ठेवलेली एक साधी मजकुराची फाइल. त्यात कार्यक्रमाचं नाव, प्रत्येक भागाचं शीर्षक, तारीख, वर्णन आणि ऑडिओ फाइलचा पत्ता असतो. नवीन भाग आला की निर्माता या फाइलमध्ये एक नोंद वाढवतो. तुमच्या फोनमधलं पॉडकास्ट ॲप ठराविक वेळाने ही फाइल तपासतं आणि नवीन नोंद दिसली की तुम्हाला सांगतं. बस, एवढंच.

याचा फायदा काय? मध्ये कोणाचं अल्गोरिदम बसलेलं नसतं. तुम्ही ज्याला फॉलो केलंय त्याचा प्रत्येक भाग, तारखेच्या क्रमाने, तुमच्यापर्यंत येतो. शिवाय यादी तुमच्या मालकीची राहते. गुगलने २०२४ मध्ये 'गुगल पॉडकास्ट्स' हे ॲप बंद केलं, तेव्हा लोकांना आपली यादी 'ओपीएमएल' नावाच्या छोट्या फाइलमध्ये घेऊन दुसऱ्या ॲपमध्ये टाकता आली. अँड्रॉइडवर 'अँटेनापॉड' हे मोफत, ओपन सोर्स ॲप यासाठी चांगलं आहे. मात्र जे कार्यक्रम एकाच कंपनीच्या ॲपपुरते ठेवलेले असतात, त्यांची खुली फीड मिळत नाही.

क्लिप कशी तयार होते?

मुलाखत अपलोड झाली की एखादं एआय टूल आवाजाचं मजकुरात रूपांतर करतं. त्यातली जोरदार वाक्यं शोधली जातात. व्हिडिओ उभा कापला जातो, मोठ्या अक्षरात सबटायटल्स चिकटवली जातात, मागे संगीत टाकलं जातं. यूट्यूब शॉर्ट्सची मर्यादा आधी ६० सेकंद होती, ऑक्टोबर २०२४ पासून ती ३ मिनिटं झाली. तरी तीन तासांच्या मुलाखतीचा तो साठावा भाग झाला.

समजा, एखादा उद्योजक म्हणाला, "मी कॉलेज सोडलं तोच माझ्या आयुष्यातला सर्वात चांगला निर्णय." क्लिप इथे संपते. मूळ मुलाखतीत पुढचं वाक्य असं असू शकतं: "पण घरी पैशांची चिंता नव्हती आणि परत ॲडमिशन मिळेल हे माहीत होतं. ज्याची अशी सोय नाही त्याने असं करू नये." क्लिपमध्ये खोटं काही नाही. फक्त अट कापली गेली. आणि निर्णय घेणाऱ्या मुलासाठी ती अटच महत्त्वाची होती.

क्लिपवरून मूळ मुलाखत कशी शोधायची?

१. क्लिपमधल्या पाहुण्याचं आणि मुलाखतकाराचं नाव यूट्यूबवर सर्च करा. शॉर्ट मूळ चॅनेलचं असेल, तर बऱ्याचदा त्यावरच पूर्ण व्हिडिओची लिंक दिलेली असते.

२. पूर्ण व्हिडिओचं वर्णन उघडा. त्यात वेळेनुसार मुद्दे दिलेले असतील तर प्रोग्रेस बारवर 'चॅप्टर्स' दिसतात. थेट हव्या त्या विषयावर जाता येतं.

३. वर्णनाच्या खाली 'शो ट्रान्सक्रिप्ट' दिसतंय का बघा. ते उघडून क्लिपमधला एखादा वेगळा शब्द शोधा. प्रत्येक व्हिडिओला ट्रान्सक्रिप्ट असतेच असं नाही. आपोआप तयार झालेल्या मजकुरात नावं आणि आकडे चुकतात, त्यामुळे ते फक्त जागा शोधायला वापरा.

४. ती जागा सापडली की पाच मिनिटं मागे जा आणि पाच मिनिटं पुढपर्यंत ऐका. प्रश्न काय होता आणि उत्तराला कोणती अट होती, हे बहुतेक वेळा तेवढ्यात कळतं.

मग ग्रुपवर काही पाठवायचंच असेल, तर क्लिपऐवजी मूळ व्हिडिओची लिंक पाठवा आणि सोबत वेळ लिहा: "१ तास १२ मिनिटांपासून ऐक."

डेटा आणि वेळेचं गणित

फक्त आवाज असलेली ६४ केबीपीएसची फाइल तासाला साधारण २९ एमबी घेते. म्हणजे तीन तासांची मुलाखत ८७ एमबीच्या आत. १२८ केबीपीएसला हाच आकडा दुप्पट होतो. व्हिडिओला याच्या कितीतरी पट डेटा लागतो. दोन माणसं समोरासमोर बसून बोलत असतील तर ऑडिओ पुरतो. घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवा, बसमध्ये किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेलं तरी अडत नाही.

वेग १.२५ केला तर तीन तासांचे २ तास २४ मिनिटं होतात, १.५ केला तर २ तास. आवाज चिरका का होत नाही? कारण ॲप नुसतं पट्टीसारखं भरभर फिरवत नाही. ते आवाजाचे मिलिसेकंदांचे तुकडे करून एकमेकांवर थोडे चढवतं, त्यामुळे वेळ कमी होतो पण सूर तोच राहतो. काही ॲप्स शांततेच्या जागाही गाळतात. ही सोय मी मुलाखतींसाठी बंद ठेवतो. अवघड प्रश्नानंतर पाहुणा चार सेकंद गप्प बसला, तर ते गप्प बसणंही उत्तराचाच भाग असतं.

भाषेची अडचण असेल तर?

यूट्यूबवर काही मुलाखतींना एकापेक्षा जास्त ऑडिओ ट्रॅक असतात. सेटिंग्जमध्ये 'ऑडिओ ट्रॅक' शोधा. अमेरिकेतले संशोधक लेक्स फ्रिडमन यांनी मार्च २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींची तीन तासांहून मोठी मुलाखत प्रसिद्ध केली. ती हिंदीत आणि इंग्रजीतही ऐकता येते. फक्त एक लक्षात ठेवा: डबिंगमधला आवाज एआयने बनवलेला असू शकतो. कोणाचं वाक्य कोट करायचं असेल, तर मूळ भाषेत तपासा.

सुरुवात कुठून करायची?

मराठीत विनायक पाचलग यांचं 'थिंक बँक' आहे. शेती, अर्थकारण, राजकारण, आरोग्य असे विषय तिथे जाणकारांकडून ऐकायला मिळतात. इंग्रजी जमत असेल तर मुंबईच्या अमित वर्मांचा 'द सीन अँड द अनसीन' ऐका. २०१७ मध्ये छोट्या भागांनी सुरू झालेला हा कार्यक्रम पुढे कित्येक तासांच्या गप्पांपर्यंत गेला. इतिहासकार रामचंद्र गुहांसारखे पाहुणे त्यात आले आहेत, आणि प्रत्येक भागासोबत पुस्तकांची, लेखांची मोठी यादी असते.

सगळं एका बैठकीत ऐकायची गरज नाही. ॲप तुमची जागा लक्षात ठेवतं. रोज २५ मिनिटं ऐकलं, तरी तीन तासांची मुलाखत आठ दिवसांत संपते. पहिली मुलाखत तुमच्या स्वतःच्या क्षेत्रातल्या माणसाची निवडा. तो कुठे नेमकं बोलतोय आणि कुठे नुसतं वेळ मारून नेतोय, हे तुम्हाला लगेच कळेल. एकदा हा कान तयार झाला की दुसऱ्या क्षेत्रातल्या लोकांचं बोलणंही पारखता येतं.