गुडघेदुखी : जंगलातली सालई, बांधावरचा तरोटा अन् बाजारातली पुडी

उकवा (बालाघाट) : पावसाळा लागला की उकवा-बैहरपासून खाली गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, "गुडघे धरले". सकाळी खाटेवरून उठताना पाय सरळ होत नाही, पाटावर बसलं तर उठवत नाही. त्यावर घरचे सांगतात जवस खा, शेजारी सांगतात हळद-दूध घ्या, आणि आठवडी बाजारात "एकदम जडीबुटी" म्हणून पुडी विकणारा असतोच. यातलं काय उपयोगाचं, ते दुखणं कोणतं यावर ठरतं. सांधेदुखी हा काही एकच आजार नाही.

पन्नाशीनंतर चालताना गुडघा दुखतो, सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडतो आणि मग मोकळा होतो, ही बहुधा झीज. दोन्ही हातांची बोटं सुजतात आणि आखडलेपणा तासाच्या वर टिकतो, तो संधिवात असू शकतो. त्याला लवकर औषध सुरू केलं नाही तर सांधे वाकडे होतात. रात्रीतून पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकतो, तिथे रक्तातलं युरिक ॲसिड तपासा. अशा माणसाने दारू आणि कलेजी-गुर्दा बंद करणं हेच मोठं पथ्य. दुखणारा माणूस तरुण किंवा लहान मूल असेल तर आपल्या भागात सिकलसेलची तपासणी आधी. बालाघाट, गोंदिया, गडचिरोली हा सगळा त्या आजाराचा पट्टा आहे. देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलमधून सुरू झालं. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड खराब होऊ शकतं. अशा पोराला "वात आहे" म्हणून वर्षभर तेल चोळत बसणं महागात पडतं.

आता झिजेचं बोलू, कारण जास्त लोक त्यातलेच. इथे आहाराचं पहिलं काम वजन उतरवणं. वजन 1 किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो, असं अमेरिकेतल्या 2005 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून रात्रीच्या भाताचा ढीग अर्धा करणं आणि त्या जागी डाळ-भाजी वाढवणं, हे कुठल्याही कॅप्सूलच्या आधी येतं. ऐकायला फिकं वाटतं, पण खरं आहे.

पूरक औषधांत आपल्यासाठी सगळ्यात जवळचं नाव म्हणजे सालई. खडकाळ डोंगरउतारावर वाढणारं, कागदासारखी साल सुटणारं हे झाड आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीचं. त्याचा डिंक धुपासाठी वापरतात, आयुर्वेदात त्याला शल्लकी म्हणतात. या डिंकाच्या अर्काची चाचणी नागपूरच्या इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात झाली आणि 2003 मध्ये छापून आली. गुडघ्याची झीज असलेले 30 रुग्ण होते. निम्म्यांना 8 आठवडे अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल, आणि नंतर अदलाबदल. अर्क घेताना दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. पण एक्स-रे मध्ये काही फरक दिसला नाही. म्हणजे दुखणं हलकं होतं, झिजलेली गादी परत येत नाही. रुग्ण थोडे होते हेही ध्यानात ठेवा. आणि ती चाचणी शुद्ध केलेल्या, मोजून दिलेल्या अर्काची होती. झाडाचा डिंक आणून तसाच चघळला तर तेवढा गुण येईल असं नाही.

हळदीचंही तसंच. हळदीत कर्क्युमिन साधारण 3 टक्के, तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. चाचण्यांत वापरलेली मात्रा चिमूटभर हळदीच्या दुधातून मिळत नाही. दूध प्या, बिघडत नाही, पण त्यावर विसंबू नका. जास्त ताकदीच्या कॅप्सूलनी काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. महागड्या ग्लुकोसामिनची 2006 मध्ये अमेरिकेत 1583 रुग्णांवर चाचणी झाली. एकंदरीत ते बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. जवसाची चटणी मात्र जरूर खा. तिने गुडघा बरा होईल असं नाही, पण तेल-तूप भरपूर असलेल्या चमचमीत रश्शापेक्षा चांगली.

भाजीने खरंच फरक पडू शकतो असं एक दुखणं आहे, ते पाण्यातून येतं. शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या तिलाईपानी गावात बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने मुलांचे गुडघे आत वळले होते. मोठ्यांमध्ये याच फ्लोराइडने कंबर, मान, सांधे आखडतात. जबलपूरच्या आयसीएमआर संस्थेने त्या भागात काम केलं, ते सुरक्षित पाणी आणि कॅल्शियम, लोह, क-जीवनसत्त्व वाढवणारा आहार अशा दोन्ही बाजूंनी. त्या आहारात एक भाजी होती चकोड्याची. हाच आपला तरोटा, छत्तीसगडचा चरोटा, कोकणातला टाकळा! पहिल्या पावसानंतर बांधावर फुकट उगवतो, कोवळा पाला कॅल्शियमने भरलेला. सोबत आवळा किंवा लिंबू घ्या. पण पाणी तेच राहिलं तर भाजी एकटी काय करणार? लिटरला 1.5 मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असेल तर ते पाणी पिण्याचं नाही. गावात अनेकांचे सांधे एकसारखे आखडत असतील तर पाण्याचा नमुना पीएचई विभागाकडे, महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासायला द्या.

उकव्याची मँगनीज खाण भूमिगत आहे. दिवसपाळीत खाली असणाऱ्या माणसाला ऊन मिळत नाही, आणि ड-जीवनसत्त्व कमी पडलं की हाडं, मांड्या दुखतात, जिना चढवत नाही. लोक त्यालाही वातच म्हणतात. रक्ततपासणीत कमतरता निघाली तर डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेने ते भरून येतं. नाचणी, तीळ, दूध हे सोबत. लाखोडीची डाळ मात्र रोजचं मुख्य अन्न करू नका. त्याने येणारा पायांचा ताठरपणा सांध्यांचा नसतो, मज्जातंतूंचा असतो आणि तो परत फिरत नाही.

राहिली पुडी. दोन दिवसांत माणूस पळायला लागला तर खूश होण्याआधी शंका घ्या. जडीबुटीच्या नावाने विकलेल्या अशा औषधांत स्टेरॉइड सापडल्याचं वेगवेगळ्या ठिकाणच्या तपासण्यांत अनेकदा दिसलं आहे. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं पोकळ होतात. महिनोन्‌महिने घेत असाल तर भीतीपोटी एकदम बंदही करू नका, त्याने जीवावर बेतू शकतं. उरलेली पुडी सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात दाखवा, डॉक्टर हळूहळू सोडवतात. आणि एकच सांधा अचानक गरम होऊन सुजला, सोबत ताप असेल, तर सालई नाही, हळद नाही, त्याच दिवशी दवाखाना.