जीडी गेले, जीए आले

गोव्याच्या रस्त्यावर क्वचित एखादी जुनी स्कूटर दिसते, जिच्या नंबराची सुरुवात 'जीडी' या अक्षरांनी होते. आजच्या मुलांना ती दुसऱ्या राज्याची वाटते. खरे तर ती गाडी 'गोवा, दमण व दीव' या संघप्रदेशाची. तो प्रदेश आता नकाशावर नाही, नंबरप्लेटवर मात्र तेवढा उरला आहे.

तेव्हाची पद्धत म्हणजे तीन अक्षरे आणि जास्तीत जास्त चार आकडे. पहिली दोन अक्षरे राज्याची, तिसरे मालिकेचे. हिशेब केला तर सव्वीसही अक्षरे वापरून एका जोडीवर २,५९,९७४ गाड्या बसतात. आपल्याला हे पुष्कळ होते. मोठ्या राज्यांना मात्र एकाहून अधिक जोड्या घ्याव्या लागल्या. मग पाटी वाचून राज्य ओळखणे ही पाठांतराचीच बाब झाली.

३० मे १९८७ रोजी गोवा घटकराज्य झाले आणि दमण-दीव वेगळे राहिले. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, आणि देशभर आजची रचना आली: राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा आकडा, मालिका, मग क्रमांक. आपल्याला 'जीए' मिळाले, दमण-दीवला 'डीडी'. घटकराज्याची घोषणा झाली ती राजधानीत. पण सामान्य माणसाच्या दारात ते राज्य पोचले ते या दोन अक्षरांतून, असे मला नेहमी वाटते. ०१ पणजी, ०२ मडगाव, ०३ म्हापसा, ०५ फोंडा, ०६ वास्को. नुसत्या आकड्यावरून गाडी कुठल्या भागातली ते कळते. चोर्ला घाटात 'केए २२' दिसली की बेळगावचा पाहुणा, पत्रादेवीला 'एमएच ०७' म्हणजे शेजारचा सिंधुदुर्गवाला.

रंगांचेही तसेच. पूर्वी खासगी गाडीची पाटी काळी, अक्षरे पांढरी. या शतकाच्या सुरुवातीला ती उलटली. काळी पाटी आणि पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. गोव्यात याचा अर्थ सांगायला नको, आपण आपोआप चार हात लांब राहतो!

आकड्यांतून नाव काढायची हौसही महाराष्ट्रातून इथे आलीच. ४१४१ वळवून लिहिले की 'दादा'. नियमाप्रमाणे अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी वळणाचेच हवेत. देवनागरीचा मला कितीही अभिमान असला, तरी धडक देऊन पळणाऱ्या गाडीचा नंबर परप्रांतीयालाही वाचता आला पाहिजे, हे मान्य करावे लागते. उठावाची अक्षरे, अशोकचक्राचा होलोग्राम आणि सहज न निघणारे कुलूप असलेली प्लेट २००१ मध्ये नियमात आली. नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली १ एप्रिल २०१९ पासून. मधली अठरा वर्षे फाइलींनी आणि कोर्टांनी खाल्ली. सरकारी कचेरीत बसणाऱ्याला याचे नवल नाही.

२०२० मध्ये दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एक झाले, 'डीएन' गेले आणि 'डीडी' दोघांचे झाले. २०२१ मध्ये 'बीएच' मालिका आली, बदलीच्या नोकरदारांसाठी. राज्य बदलले तरी पुन्हा नोंदणी नको, ही सोय मोठीच आहे. पण त्या पाटीवर गाव नाही, राज्यही नाही. मला विचाराल तर माझ्या गाडीला 'जीए'च बरे.